आमवात असताना प्रतिकारशक्तीसाठी पेप्टाइडची इंजेक्शने घ्यावीत का?

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असल्याचे निदान झाले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड सुरू आहे. सांधे फारच दुखू लागले की जुन्या चिठ्ठीवरून काही दिवस प्रेडनिसोलोन घेते आणि बरे वाटले की बंद करते. गेल्या वर्षभरात पाच-सहा वेळा सर्दी आणि सायनसचा त्रास झाला, एकदा नागीणही झाली. एका वेलनेस केंद्रात रक्त तपासून ‘प्रतिकारशक्तीचे संतुलन बिघडले आहे’ असे सांगण्यात आले आणि तीन महिन्यांचा पेप्टाइड कोर्स सुचवण्यात आला. त्यात थायमोसिन अल्फा-१ आणि एलएल-३७ ही इंजेक्शने आणि केपीव्हीच्या कॅप्सूल आहेत. पेप्टाइड्स शरीरातच तयार होत असल्यामुळे त्यांचे दुष्परिणाम नसतात आणि पुढे मेथोट्रेक्सेटही सोडता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथल्या दोन स्त्रियांनी आपल्याला चांगला गुण आल्याचे सांगितले. कुप्यांवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले आहे. त्या फ्रीजमध्ये आहेत, अजून घेतलेल्या नाहीत. घ्याव्यात का? माझ्या १९ वर्षांच्या मुलीलाही सारखी सर्दी होते, तिला चालतील का?

उत्तर : त्या कुप्या उघडू नका आणि मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करू नका, हे आधी सांगतो, कारण पुढचे विवेचन लांबणार आहे आणि तोवर तुम्हाला ताटकळत ठेवणे योग्य नाही. तुमचा प्रश्न मात्र भाबडा नाही. पेप्टाइडद्वारे प्रतिकारयंत्रणेवर उपचार करणे ही काही भोंदूगिरीची कल्पना नव्हे. त्यामागे अनेक दशकांचे गंभीर संशोधन आहे. अडचण अशी की, त्या संशोधनातून जे सिद्ध झाले आहे ते आणि तुम्हाला जे विकण्यात आले आहे ते यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय तुमच्या पत्रात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडविषयी तुम्ही ओघात लिहिलेले एक वाक्य मला या तिन्ही पेप्टाइड्सपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. त्याकडे पुढे येतोच.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. साखळी मोठी झाली की तिला प्रथिन म्हणतात. शरीरातली कितीतरी संप्रेरके आणि पेशींमधले निरोप पेप्टाइडच्या रूपात असतात, त्यामुळे औषध म्हणून त्यांचा वापर होणे स्वाभाविक आहे. प्रतिकारयंत्रणेवर काम करणारी मान्यताप्राप्त पेप्टाइड औषधे पाहिली, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते, ती म्हणजे त्यांतली बहुतेक औषधे प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत, तर तिचा एखादा भाग दाबतात. अवयवरोपणाच्या इतिहासात क्रांती घडवणारे सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचे वर्तुळाकार पेप्टाइड आहे आणि ते एका बुरशीपासून मिळाले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले ग्लॅटिरामर हे चार प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनवलेल्या साखळ्यांचे मिश्रण आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारासाठी २०२३ मध्ये मान्य झालेले झिलुकोप्लॅन हे पेप्टाइड प्रतिकारयंत्रणेतील ‘कॉम्प्लिमेंट’ या प्रथिनसाखळीचा एक दुवा अडवते, आणि त्यामुळे मेनिंगोकॉकस जंतूंचा घातक संसर्ग होण्याचा धोका इतका वाढतो की त्याविरुद्धची लस आधी घ्यावी लागते. म्हणजे ‘पेप्टाइड आहे’ एवढ्यावरून ते सौम्य आहे की तीव्र, प्रतिकारशक्ती चेतवणारे आहे की शमवणारे, यांपैकी काहीच कळत नाही. प्रत्येक पेप्टाइडचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

तुम्हाला सुचवलेल्या तिघांपैकी थायमोसिन अल्फा-१ हे सर्वांत जुने आणि सर्वांत अधिक अभ्यासलेले. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी तिथे घडतात, हे जॅक मिलर यांच्या १९६१ मधल्या प्रयोगांनंतर स्पष्ट झाले. ही ग्रंथी वयात आल्यानंतर हळूहळू आकसत जाते, म्हणून तिच्या अर्कातून एखादा उपयुक्त घटक मिळतो का, याचा शोध सुरू झाला आणि १९७७ साली ॲलन गोल्डस्टीन यांच्या गटाने वासरांच्या थायमसपासून वेगळे केलेल्या २८ अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडची रचना प्रसिद्ध केली. त्याचे कृत्रिमरीत्या बनवलेले रूप तीसहून अधिक देशांमध्ये औषध म्हणून मान्य आहे. त्याचा मुख्य वापर जुनाट हिपॅटायटिस बी या विषाणुजन्य आजारात होतो आणि प्रचलित मात्रा १.६ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, त्वचेखाली अशी आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मात्र त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही.

याच पेप्टाइडची एक कथा मुद्दाम सांगतो, कारण पुराव्याकडे कसे पाहावे हे तिच्यातून चांगले कळते. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अवयव निकामी होऊ लागतात त्या सेप्सिस या अवस्थेत रुग्णाची प्रतिकारशक्ती काही काळाने ढासळते, तेव्हा थायमोसिनने तिला आधार द्यावा, ही कल्पना अगदी तर्कशुद्ध होती. चीनमध्ये ३६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण थायमोसिन मिळालेल्या गटात २६ टक्के आणि न मिळालेल्या गटात ३५ टक्के दिसले. आशा वाटावी असाच हा निकाल होता, पण कोणाला औषध मिळते आहे हे त्या चाचणीत डॉक्टरांना ठाऊक होते आणि फरकही काठावरचाच होता. म्हणून २२ केंद्रांमध्ये ११०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिच्यात अर्ध्या रुग्णांना हुबेहूब तसेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन दिले आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. २०२५ च्या जानेवारीत ‘बीएमजे’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार मृत्यूचे प्रमाण २३.४ आणि २४.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. औषध तेच, आजार तोच, मात्र चाचणी काटेकोर होताच लाभ नाहीसा झाला. तुमच्या आमवातासाठी या पेप्टाइडची पहिल्या प्रकारचीदेखील भक्कम चाचणी उपलब्ध नाही, मग दुसऱ्या प्रकारची गोष्ट दूरच.

आमवात, ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा आजार) आणि सोरायसिस या त्वचारोगाशी निगडित संधिवात असलेल्या रुग्णांच्या रक्तात थायमोसिन अल्फा-१ चे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले, असे एका अभ्यासात दिसले आहे आणि ‘जे कमी आहे ते भरून काढू’ हा युक्तिवाद बहुधा तिथूनच येतो. परंतु एखादा घटक आजारात कमी असणे म्हणजे त्याच्या अभावानेच आजार झाला असे नव्हे. आजारामुळे किंवा औषधांमुळेही तो कमी होऊ शकतो, आणि तो बाहेरून दिल्याने आजार आटोक्यात येतो की नाही हे केवळ देऊन, मोजून आणि तुलना करूनच ठरते. उलट, या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात जे लिहिले आहे ते तुमच्याशी थेट संबंधित आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबून ठेवलेली आहे, उदाहरणार्थ अवयवरोपण झालेले रुग्ण, त्यांना होणारा लाभ धोक्यापेक्षा स्पष्टपणे अधिक असल्याशिवाय हे औषध देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मेथोट्रेक्सेटचा हेतू तुमच्या सांध्यांवर चालून जाणारी प्रतिकारयंत्रणा दाबून ठेवणे हाच आहे. एका हाताने दाबायचे आणि दुसऱ्या हाताने चेतवायचे, असा हा कोर्स आहे. तो सुचवताना तुमच्या औषधांची यादी कोणी नीट वाचली होती का, अशी मला रास्त शंका येते.

एलएल-३७ बद्दल मला अधिक काळजी वाटते. हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आपल्याच त्वचेत, श्वसनमार्गात आणि पांढऱ्या पेशींमध्ये तयार होते, जंतूंच्या आवरणाला भोके पाडते आणि प्रतिकारयंत्रणेला जागेही करते. ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ म्हणून त्याची जाहिरात होते, ती इतपत खोटी नाही. परंतु २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, सोरायसिसमध्ये हेच पेप्टाइड आपल्या स्वतःच्या पेशींमधून बाहेर पडलेल्या डीएनएला चिकटते आणि एरवी दुर्लक्षिला जाणारा तो डीएनए प्रतिकारपेशींना शत्रूचा वाटू लागतो. पुढे सोरायसिसच्या काही रुग्णांमध्ये टी पेशी थेट एलएल-३७ वरच हल्ला करताना आढळल्या, ल्युपसमध्येही त्याचा सहभाग दिसला आणि आमवाताच्या सुजलेल्या सांध्यांच्या अस्तरातही त्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. ज्या घटकाच्या अतिरेकाचा स्वयंप्रतिकार आजारांशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा आजारांशी, संबंध दिसतो, तोच घटक स्वयंप्रतिकार आजार असलेल्या व्यक्तीला इंजेक्शनने देणे हे मला कोणत्याही अर्थाने संतुलन वाटत नाही. माणसांवर त्याचा जो थोडा अभ्यास झाला, तो प्रामुख्याने पायावरच्या जुनाट जखमांवर बाहेरून लावण्यापुरता, आणि तिथेही सुरुवातीच्या चाचणीत कमी मात्रेचा उपयोग दिसला तर सर्वांत जास्त मात्रेचा दिसला नाही.

केपीव्हीविषयी थोडक्यात सांगतो. हे तीनच अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे, उंदरांच्या आतड्यातील दाहावर त्याचा परिणाम दिसला आहे आणि त्याचा पुरावा मुख्यतः पेशी आणि प्राणी यांवरील प्रयोगांचा आहे. तुमचे सांधे आणि तुमची सर्दी यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याइतका आधार नाही.

आता त्या ‘संतुलना’कडे वळू. प्रतिकारयंत्रणा म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखी एक कळ आहे, ती कमी असेल तर वाढवायची आणि जास्त असेल तर उतरवायची, अशी समजूत या साऱ्या जाहिरातींच्या मुळाशी असते. प्रत्यक्षात तुमच्याच शरीरात एकाच वेळी सांध्यांविरुद्धची प्रतिक्रिया अवाजवी आहे आणि नागिणीच्या विषाणूविरुद्धची प्रतिक्रिया अपुरी पडली आहे. हे दोन्ही एकत्र नांदू शकते, कारण ती कामे वेगवेगळ्या पेशी आणि वेगवेगळी रसायने करतात. स्वतःच्या शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून नियंत्रण ठेवणाऱ्या ‘रेग्युलेटरी’ टी पेशी खरोखरच असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या आणि मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पेशींना बळ देऊन स्वयंप्रतिकार आजार शमवावेत, हे संशोधकांचे जुने स्वप्न आहे. पण ते किती अवघड आहे हे लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये दिसले. टीजीएन१४१२ हे औषध पेप्टाइड नव्हते, प्रतिपिंड (अँटिबॉडी) होते, पण प्राण्यांमध्ये ते याच नियंत्रक पेशी वाढवत होते आणि आमवातावर त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा होती. प्राण्यांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली, आणि काही तासांतच त्यांच्या प्रतिकारयंत्रणेचा असा भडका उडाला की सहाही जणांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सुदैवाने सगळे वाचले. तुमच्या कुप्यांमुळे असे होईल, असे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत ‘संतुलन साधणारे’ ठरलेले द्रव्य माणसात काय करील, हे तर्काने ठरवता येत नाही, एवढेच त्यातून मला दाखवायचे आहे.

त्या केंद्रातील रक्ततपासणीचा तपशील तुम्ही दिलेला नाही. अशा ठिकाणी बहुधा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे प्रमाण पाहतात. ते प्रमाण वयानुसार, नुकत्याच होऊन गेलेल्या संसर्गानुसार आणि विशेषतः स्टेरॉइड घेतल्यावर बदलते. एचआयव्हीसारख्या आजारात त्या आकड्यांना नेमका अर्थ आहे, पण ‘संतुलन बिघडले’ असे निदान त्यांवरून होत नाही. आमवात किती आटोक्यात आहे हे मोजण्याची साधने मात्र खात्रीची आहेत, आणि ती म्हणजे सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांची संख्या, ईएसआर किंवा सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या, आणि तुमचा स्वतःचा अंदाज, यांची सांगड घालून काढलेला गुणांक. तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने शेवटचा गुणांक केव्हा काढला होता, हे त्यांना जरूर विचारा.

गुण आलेल्या त्या दोन स्त्रियांच्या अनुभवावर मी अविश्वास दाखवणार नाही. सर्दी, थकवा, सांधेदुखी ही सारी चढउतार होणारी दुखणी आहेत, माणूस त्रास शिगेला पोहोचल्यावर उपचार सुरू करतो आणि त्यानंतर काही न करताही पुष्कळदा उतार पडतो. मांजराच्या ॲलर्जीवर पेप्टाइडची इंजेक्शने विकसित करण्यात आली होती. आधीच्या चाचण्या उत्साहवर्धक होत्या, पण २०१६ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा औषध मिळालेल्यांना भरपूर बरे वाटले होते आणि औषध नसलेले इंजेक्शन मिळालेल्यांनाही जवळपास तितकेच बरे वाटले होते. त्यातल्या एकाही रुग्णाने खोटे सांगितले नव्हते.

‘शरीरातच तयार होते म्हणून दुष्परिणाम नाही’ हे विधान तर निखालस चुकीचे आहे. इन्सुलिनही शरीरातच तयार होते आणि त्याची मात्रा चुकली तर जीव जाऊ शकतो. बाहेरून टोचलेल्या पेप्टाइडविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करू शकते, तीव्र ॲलर्जी होऊ शकते. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले पेजिनेसॅटाइड हे पेप्टाइड औषध सर्व चाचण्यांतून पार पडलेले होते, तरीही प्रत्यक्ष वापरात काही रुग्णांना ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे अतितीव्र ॲलर्जीची, प्राणघातक प्रतिक्रिया आल्यामुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. नियमबद्ध कारखान्यात बनलेल्या औषधाची ही गत होत असेल, तर ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या कुपीची काय हमी? त्या शिक्क्याचा अर्थ असा की, बनवणाऱ्याने हे माणसाला टोचण्यासाठी आहे असा दावाच केलेला नाही आणि काही विपरीत घडल्यास जबाबदारी तुमच्यावर ढकलण्याची तरतूद करून ठेवली आहे.

अशा कुपीसोबत पुष्कळदा शुद्धतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर ९९ टक्क्यांच्या आसपासचा आकडा असतो. तो आकडा एचपीएलसी या तपासणीचा असतो. तुकडे पडलेल्या किंवा चुकीच्या बनलेल्या साखळ्यांच्या तुलनेत अपेक्षित पेप्टाइड किती आहे, एवढेच ती सांगते. कुपी निर्जंतुक आहे का, लेबलवर लिहिलेली मात्रा खरोखर आत आहे का, आणि जिवाणूंच्या आवरणापासून येणारे एंडोटॉक्सिन नावाचे विष त्यात आहे का, याविषयी ती काहीच सांगत नाही. एंडोटॉक्सिनचा मुद्दा प्रतिकारशक्तीच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे, कारण ते अत्यल्प मात्रेतही प्रतिकारयंत्रणेला जोरदार चेतवते. इंजेक्शननंतर कणकण आली, अंग मोडून आले, तर ‘औषध लागू पडते आहे’ अशी समजूत घातली जाते, पण प्रत्यक्षात ती अशुद्धतेची प्रतिक्रिया असू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये फार्मसीत मिसळून देण्याच्या द्रव्यांपैकी लक्षणीय धोक्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत ही तिन्ही पेप्टाइड्स घातली, तेव्हा प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता आणि अशुद्धता हीच कारणे त्यांनी पुढे केली होती. थायमोसिनचे नाव पुढच्याच वर्षी त्या यादीतून फेरविचारासाठी काढण्यात आले, परंतु त्याने तुमच्या फ्रीजमधली कुपी अधिक शुद्ध होत नाही.

आता त्या प्रेडनिसोलोनच्या वाक्याकडे येऊ. सांधे दुखले की जुन्या चिठ्ठीवरून गोळ्या घ्यायच्या आणि बरे वाटले की सोडायच्या, असे वर्षातून किती वेळा होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज असा आहे की, तुमच्या वारंवारच्या संसर्गांचे कारण शोधताना पहिली चौकशी तिथेच व्हायला हवी. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेतल्या, म्हणजे बहुतांश वयस्क आमवात रुग्णांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आमवाताच्या मूळ औषधांवर स्थिरावलेल्या या रुग्णांपैकी स्टेरॉइड न घेणाऱ्या ८.६ टक्के जणांना वर्षभरात संसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले. रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ११ टक्के आणि १० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांमध्ये १७.७ टक्के होते. तुमचे वय त्या रुग्णांपेक्षा कमी आहे, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, मात्र दिशा स्पष्ट आहे. नागीण आणि स्टेरॉइड यांचे नाते तर जुनेच आहे. आठवडेच्या आठवडे सलग घेतले असेल तर मात्र प्रेडनिसोलोन एकाएकी थांबवू नका, कारण शरीराची स्वतःचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवण्याची क्षमता तोवर मंदावलेली असते आणि अचानक खंड पडला तर रक्तदाब उतरून गंभीर प्रसंग ओढवू शकतो. कसे कमी करायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील.

त्याहून मोठा प्रश्न हा की, प्रेडनिसोलोनची वारंवार गरज का पडते? याचा अर्थ १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेटने तुमचा आमवात पुरेसा आटोक्यात आलेला नाही. त्यावर उपाय आहेत. मात्रा वाढवता येते, गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन देऊन औषध अधिक चांगले शोषले जाऊ शकते, सल्फासॅलाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोड देता येते, नाहीतर बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या, वर्गातील औषधांचा विचार करता येतो. यांपैकी काय योग्य हे तुमची यकृताची तपासणी, रक्तपेशींची संख्या आणि सांध्यांची स्थिती पाहूनच ठरेल. मेथोट्रेक्सेटची भीती मला समजते, त्याची ख्याती कर्करोगाचे औषध म्हणून आहे आणि रोज घेतले गेल्यास ते खरोखरच घातक ठरते. पण आठवड्यातून एकदाच्या लहान मात्रेत त्याचा धोका मर्यादित आणि तपासण्यांनी लक्षात येणारा असतो, आणि ते सोडल्यावर उसळणारा आमवात सांध्यांची झीज करून जातो, ती भरून येत नाही. मग पुन्हा प्रेडनिसोलोन वाढते आणि संसर्ग टाळण्यासाठी सुरू केलेला खटाटोप संसर्गातच संपतो.

प्रतिकारशक्तीला आधार देणारे ज्याला म्हणता येईल असे एक साधन तुम्हाला उपलब्ध आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, ते म्हणजे लसी. इन्फ्लुएन्झाची दरवर्षीची लस, न्यूमोकॉकसची लस आणि नागिणीविरुद्धची रिकॉम्बिनंट लस या तिन्हींमध्ये जिवंत जंतू नसतात, त्यामुळे मेथोट्रेक्सेट चालू असताना त्या देता येतात. एकदा नागीण होऊन गेली तरी ती पुन्हा होऊ शकते, म्हणून त्या लसीबद्दल आवर्जून विचारा. इन्फ्लुएन्झाच्या लसीनंतर आमवात शांत असल्यास मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवल्याने लसीचा प्रतिसाद सुधारतो, अशी शिफारस आहे. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. कोणत्याही लसीबाबत ती जिवंत विषाणूंची नाही ना, याची खात्री मात्र करून घ्या. त्याचबरोबर रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, रक्तातील साखर (प्रेडनिसोलोनमुळे ती वाढलेली असू शकते) आणि इम्युनोग्लोब्युलिनची पातळी तपासणे उचित ठरेल. आणि सायनसचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून एकदा नाकाची तपासणीही व्हावी, कारण वाकडा पडदा किंवा ॲलर्जी यांच्यावर कोणतेही पेप्टाइड उपाय करणार नाही.

पुढच्या भेटीला जाताना त्या कुप्यांचे आणि केंद्राच्या अहवालाचे फोटो, तसेच गेल्या वर्षात प्रेडनिसोलोन केव्हा, किती मिलिग्रॅम आणि किती दिवस घेतले याची जमेल तितकी नोंद बरोबर न्या. डॉक्टर रागावतील म्हणून अशा गोष्टी लपवल्या जातात, आणि मग पुढे एखाद्या प्रतिक्रियेचे कारणच सापडत नाही. दरम्यान कोणाच्या आग्रहाने एखादे इंजेक्शन घेतलेच गेले आणि ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास अडकणे किंवा चक्कर येणे असे काही झाले, तर केंद्राला फोन करण्यात वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जा. ताप आला किंवा इंजेक्शनची जागा लाल होऊन दुखू लागली, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे सांगून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुलीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तिला हे देऊ नका. निरोगी प्रौढ माणसालाही वर्षातून दोन-तीन वेळा सर्दी होते, आणि वसतिगृहात किंवा गर्दीच्या वर्गात वावरणाऱ्या तरुण मुलीला त्याहून अधिक वेळा झाली तरी त्यात नवल नाही. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत: वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा होणारी खोल गळवे, शिरेतून प्रतिजैविके दिल्याशिवाय बरे न होणारे संसर्ग, तोंडात सतत पडणारा बुरशीचा पांढरा थर, किंवा घरात कोणाला जन्मजात प्रतिकारदोष असणे. यांपैकी काही असेल तर तिच्या आयजीजी, आयजीए आणि आयजीएम या प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या. ती खरोखर कमी निघाल्यास त्यावर इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा सिद्ध उपचार आहे आणि तो प्रतिकारशास्त्राच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो. यांपैकी काहीच नसेल आणि शिंका सकाळी उठल्यावर किंवा धुळीत येत असतील, तर ती सर्दी नसून ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक आहे, आणि तिची तपासणी व औषधे कोणत्याही कान-नाक-घसातज्ज्ञांकडे मिळतील.